नऊशे खुर्च्या की एकशेवीस?

प्रश्न : सांगलीतील एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात आम्ही बारा जण आहोत. पावसाळ्यात झालेल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या पन्नास मिनिटांच्या एकांकिकेला दुसरे पारितोषिक मिळाले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत काढलेली एक रात्र आणि तिच्यात उघडकीला येणारी काटामारी, म्हणजे वजनातली चोरी, असा तिचा विषय आहे. पात्रे चार असून लेखन आमच्याच एका वर्गमैत्रिणीचे आहे. दिवाळीनंतर तिकीट लावून हिचे प्रयोग करण्याचा आमचा विचार आहे. गेल्या वर्षीच्या एकांकिकेचा असाच प्रयोग आम्ही नऊशे आसनांच्या नाट्यगृहात केला होता. गावभर पोस्टर लावली, रील टाकले, त्यांतल्या एकाला अकरा हजार व्ह्यूज मिळाले आणि प्रयोगाला साठ माणसे आली. त्यांतही निम्मी आमच्या घरची होती. यंदा प्रायोजक मिळाल्यामुळे मोठ्या नाट्यगृहाचे भाडे परवडते. काही जणांना मात्र महाविद्यालयाच्या सभागृहात प्रयोग करावा असे वाटते. ते पन्नास फूट लांब व बत्तीस फूट रुंद असून जमीन सपाट आहे. रंगमंचाचे प्रकार आम्ही पुस्तकात वाचले आहेत. पण त्यांतून निवड कशी करावी आणि प्रेक्षक कसे आणावेत, हे उमगत नाही.
– एक विद्यार्थी दिग्दर्शक

उत्तर : स. न. वि. वि.

तुम्ही रंगमंच आणि प्रसिद्धी असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत, परंतु माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. तुमचे नाटक कोणी पाहावे, त्या माणसाने नटापासून किती अंतरावर बसावे आणि अशी माणसे तुमच्या शहरात साधारण किती असतील, हे आधी ठरले की रंगमंचाची निवड त्यातूनच होते आणि प्रसिद्धी कोणापर्यंत न्यायची हेही त्याच उत्तरात सापडते. गेल्या वर्षी तुम्ही हा क्रम उलटा केला. आधी नाट्यगृहाची तारीख घेतली आणि मग त्या नऊशे खुर्च्या भरण्यासाठी माणसे शोधत फिरलात. त्यामुळे तुमची प्रसिद्धी कमी पडली असे मला वाटत नाही. ज्या दिवशी तुम्ही अनामत रक्कम भरली, त्याच दिवशी तो प्रयोग रिकामा जायचा हे बरेचसे ठरले होते.

साठ माणसे ही विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी वाईट संख्या नव्हे. नऊशे आसनांत ती विखुरली म्हणून ती वाईट ठरली. मोठ्या नाट्यगृहात थोडे प्रेक्षक आले की ते कधीही पुढे येऊन एकत्र बसत नाहीत. कुणी मागच्या दाराजवळ, कुणी मधल्या वाटेच्या कडेला, कुणी कोपऱ्यात पंख्याखाली बसतो आणि प्रत्येकाच्या आजूबाजूला रिकाम्या रांगा राहतात. अशा घरात, म्हणजे प्रेक्षागृहात, हशा येत नाही, कारण हसण्यासाठी माणसाला शेजारी हसणारा माणूस लागतो. नटांना प्रतिसाद मिळत नाही, मग ते आवाज चढवतात, वेग वाढवतात आणि तालमीत बांधलेली लय दहाव्या मिनिटाला मोडते. हीच साठ माणसे एकशेवीस जागांच्या दालनात बसली असती, तर अर्धे घर भरले असते आणि नाटक जसे बसवले होते तसे झाले असते. प्रायोजकाने दिलेले पैसे भाड्यात घालण्याची घाई म्हणूनच करू नका. ते दिव्यांसाठी आणि तिसऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवा.

तुमचे प्राध्यापक कदाचित म्हणतील की नाट्यगृहाशिवाय नाटक खरे वाटत नाही. सांगलीत तरी हे कुणी म्हणू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा गावात नाट्यगृह नव्हते. तो प्रयोग संस्थानिकांच्या वाड्यात झाला आणि मराठी रंगभूमी दरवर्षी ५ नोव्हेंबरला जो दिवस साजरा करते, तो त्या बिनानाट्यगृहाच्या प्रयोगाचा आहे.

आता प्रकारांकडे वळू. समोर कमान, मध्ये दर्शनी पडदा, दोन्ही बाजूंना विंगा आणि प्रेक्षक एकाच दिशेला, ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की रंगमंच म्हटले की तीच डोळ्यांसमोर येते. प्रायोगिक नाटकाचे वारे लागलेल्या मुलांना ती जुनाट वाटू लागते, हेही मी पाहतो. तो मात्र अन्याय आहे. जे नाटक चित्रासारखे समोर उभे राहायला हवे, ज्यात काही लपवायचे आणि योग्य क्षणी दाखवायचे आहे, ज्यात गर्दीच्या हालचालींची नक्षी दिसायला हवी, त्याला चौकटच लागते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तो चौकटीच्या रंगमंचावरच. त्या नाटकात माणसांची एक रांग भिंत होते, पडदा होते, क्षणात फुटते आणि पुन्हा जुळते. प्रेक्षक तीन बाजूंना असते तर ती भिंत भिंत वाटली नसती, कारण कडेला बसलेल्याला तिची पाठ आणि पोट एकदमच दिसले असते. तेव्हा चौकट वापरायची की नाही, याचा निर्णय फॅशनवर सोडू नका. आपल्या नाटकात काय लपवायचे आहे, असा प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या एकांकिकेबद्दल जे लिहिले आहे, त्यावरून तिच्यात लपवण्याजोगे फारसे दिसत नाही. रांग उघड्यावर उभी आहे, रात्र उघड्यावर काढायची आहे आणि जी चोरी होते ती सगळ्यांच्या देखत होते.

प्रेक्षक तीन बाजूंना आणि मागे एक भिंत, अशी दुसरी रचना. मुंबईत जुहूला १९७८ मध्ये सुरू झालेले पृथ्वी थिएटर हे तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. तिथे जेमतेम दोनशे माणसे बसतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. पुस्तकात या प्रकाराला थ्रस्ट असे नाव असले, तरी कोकणातल्या देवळासमोर रात्रभर चालणारा दशावतार पाहिलेल्या माणसाला त्यात नवे काही वाटणार नाही. तिथे एका बाकड्याचे सिंहासन होते, पुढच्या प्रवेशात तेच बाकडे आणखी काहीतरी होते आणि लोक तिन्ही बाजूंनी दाटीवाटीने बसलेले असतात. मागची भिंत असल्यामुळे या रचनेत एखादे मोठे नेपथ्य उभे करता येते, ही तिची सोय आहे.

रिंगणाबद्दल, म्हणजे चारही बाजूंनी प्रेक्षक असलेल्या मांडणीबद्दल, थोडक्यात सांगतो. पथनाट्यासाठी ती उत्तम, दोन माणसांच्या झटापटीसाठी उत्तम. पण तुमच्या नाटकात काट्यावरच्या कारकुनाची खोली आहे आणि ती खोली कुठेही ठेवली तरी एका बाजूच्या लोकांना नाटकाऐवजी तिची मागची बाजू दिसत राहील. ब्लॅक बॉक्स हा तर मुळात आकारच नव्हे. ते काळ्या भिंतींचे रिकामे दालन असते आणि खुर्च्या हव्या तशा मांडून त्यातून हवा तो रंगमंच करता येतो. दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह काळे रंगवलेले नव्हते आणि तिथे कुणी नाट्यगृह म्हणून बांधकामही केले नव्हते. तरीही १९७० च्या दशकात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग सुरू केले आणि पुढे पंधरा-वीस वर्षे मराठी प्रायोगिक रंगभूमीचा पत्ता तोच होता. तुमच्या महाविद्यालयाचे सभागृह त्याहून गैरसोयीचे असेल असे मला वाटत नाही.

उरला तो प्रकार, जो तुमच्या पत्रातली मोजमापे वाचताच माझ्या मनात आला. प्रेक्षक समोरासमोर दोन बाजूंना आणि मधोमध एक लांबट पट्टा, अशी ती मांडणी असते. तिला इंग्रजीतून आलेला ट्रॅव्हर्स हा शब्द आहे. तालमीत तुम्ही तिला सरळ गल्ली म्हणा. तुमचे नाटक रांगेचे आहे आणि रांग ही मुळातच लांबट असते. चौकटीच्या रंगमंचावर ती आडवी उभी करावी लागते आणि मग ती रांग न वाटता फोटोसाठी उभी केलेली माणसे वाटतात. गल्लीत मात्र रांगेला डोके आणि शेपूट मिळते. एका टोकाला काटा आणि कारकुनाची खिडकी, दुसऱ्या टोकाला अंधार, जिथून मागच्या ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येतात. पुढे सरकणे म्हणजे खरोखर फूटभर पुढे सरकणे, हे प्रेक्षकाला मोजता येते. शिवाय समोरच्या बाजूचे प्रेक्षक प्रत्येकाला दिसत राहतात, त्यामुळे चोरी सगळ्यांच्या देखत होते आणि सगळे गप्प बसतात ही तुमच्या नाटकातली मुख्य गोष्ट एकही वाक्य न वाढवता उभी राहते. या एका कारणासाठी मी तुमच्या जागी हीच मांडणी घेतली असती.

हिशेबही जुळतो. पट्टा दहा फूट रुंद ठेवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा, रांगेला तीन फूट, म्हणजे बाजूला नऊ-नऊ फूट. एकूण अठ्ठावीस फूट झाले आणि बत्तीस फुटांच्या रुंदीत मागे भिंतीशी दोन-दोन फुटांची वाट उरली. एका रांगेत वीस खुर्च्या बसवल्या, तर खुर्चीला साधारण वीस इंच धरून तेहतीस-चौतीस फूट लागतात. मध्ये चार फुटांची वाट सोडली, तरी पन्नास फुटांतले बारा-तेरा फूट दोन टोकांना मोकळे राहतात, जिथे काटा आणि एंट्रीची जागा येईल. एकशेवीस माणसे अशी बसतात. एखाद्या दारासमोर दोन खुर्च्या येत असतील तर त्या काढा आणि एकशेअठरा तिकिटे विका. बाहेर पडण्याची वाट अडवून वाढवलेल्या दोन जागांची किंमत तुम्हाला परवडणारी नाही.

सपाट जमिनीवर नेमके घोडे पेंड खाते ते दिसण्याच्या बाबतीत. नट उभा असेल तेव्हा सर्वांना दिसतो. पण तुमच्या नाटकातली माणसे रात्रभर थकून जमिनीवर बसणार, शेकोटीशी टेकणार आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुढच्या दोन डोक्यांपलीकडे जमिनीवर बसलेला नट दिसत नाही. यावर उपाय असा की पहिली रांग सतरंजीवर किंवा बुटक्या बाकांवर बसवावी, दुसरी खुर्च्यांवर आणि तिसरी फूटभर उंचीच्या लेव्हलवर, म्हणजे सुट्या चौथऱ्यांवर, ठेवलेल्या खुर्च्यांवर. सभागृहाचा मंच काढता-घालता येत असेल, तर त्याच्याच लेव्हल या तिसऱ्या रांगेसाठी वापरता येतील. सतरंजीवर विद्यार्थ्यांना बसवा. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी दुसऱ्या रांगेतल्या काही खुर्च्या आधीच राखून ठेवा, कारण आपल्याकडच्या नाट्यरसिकांमध्ये गुडघे दुखणारेच अधिक आहेत. पट्ट्याच्या मध्यभागी अडीच-तीन फुटांपेक्षा उंच वस्तू ठेवू नका. ट्रॅक्टर दाखवायचा मोह झाला तर एक स्टिअरिंग, एक आसन आणि दिव्यांची जोडी पुरे.

स्पर्धेसाठी बसवलेल्या हालचाली मात्र जशाच्या तशा चालणार नाहीत आणि यासाठी किमान दोन आठवड्यांच्या तालमी धरा. स्पर्धेत नट समोर पाहून वाक्य टाकतो. गल्लीत समोर असे काही नसतेच, एका अर्ध्या घराला नेहमी पाठ असते. म्हणून दोन पात्रे बोलत असताना त्यांना पट्ट्यावर तिरके आणि दूर उभे करा, म्हणजे प्रत्येक बाजूला एकाचा तरी चेहरा मिळतो. लांब भाषण एका जागी उभे राहून न करता त्यात एखादे वळण घ्यायला सांगा. आणि पाठमोऱ्या नटाचा शब्द भिंतीपर्यंत पोहोचतो का, ते रोज तपासा. तालमीला एक जण सहाही रांगांच्या कोपऱ्यांत जाऊन बसला पाहिजे. दिग्दर्शक म्हणून तुम्ही एकाच खुर्चीवर बसून नाटक बसवलेत, तर ते त्या एकाच खुर्चीसाठी बसेल.

दिव्यांचेही तसेच. समोरून टाकलेला प्रकाश गल्लीत पलीकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. म्हणून दिवे पट्ट्याच्या वरून, शक्य तितक्या उभ्या कोनात टांगावे लागतात. भाड्याने हॅलोजन घेणार असाल, तर एक हजार वॅटचे सहा दिवे म्हणजे सहा किलोवॅटचा भार आणि सभागृहातल्या सोळा अँपिअरच्या एका सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या आसपासच भार पेलतो. महाविद्यालयाच्या वायरमनला सोबत घेऊन भार वेगवेगळ्या सर्किटवर वाटून घ्या किंवा सरळ एलईडी दिवे वापरा. रंगीत तालमीला फ्यूज उडाला तर सावरता येईल, प्रयोगात उडाला तर नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या संहितेबद्दल, जरी तुम्ही ती विचारलेली नाही. स्पर्धेचा प्रेक्षक हा एक निराळाच प्रेक्षक असतो. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या काळात भरत नाट्य मंदिरात ज्याने ‘आवाज कुणाचा’चा गजर ऐकला आहे, त्याला हे सांगायला नको. ती सगळी तुमच्याच वयाची माणसे असतात, त्यांना तुमचे डाव ठाऊक असतात, एखाद्या नेमक्या ब्लॅकआउटलाही, म्हणजे दिवे मालवण्यालाही, ती टाळी देतात. त्या टाळ्यांच्या हिशेबाने नाटकात जागा सोडल्या जातात, दोन-तीन वाक्ये केवळ टाळीसाठी लिहिली जातात. तिकीट काढून आलेला सांगलीतला निवृत्त शिक्षक तिथे टाळी देणार नाही. तो ऐकत राहील आणि सोडलेली जागा रिकामी पडेल. ही वाक्ये आणि हे थांबे शोधून काढा, निम्मे तरी गाळा. पन्नास मिनिटांची एकांकिका पंचेचाळीस मिनिटांची झाली तर तिचे काही बिघडत नाही.

आता प्रेक्षक. ‘सर्वांनी यावे’ असे पोस्टरवर छापले की कुणीच येत नाही, म्हणून आपला प्रेक्षक नावानिशी ओळखा. तुमच्यासाठी तो तीन ठिकाणी आहे. पहिला तुमच्या घरचा, मित्रांचा, महाविद्यालयाचा. तो येईलच, पण एकाच प्रयोगाला येईल. दुसरा सांगली-मिरजेतला नेमाने नाटक पाहणारा प्रेक्षक. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जी माणसे रोज संध्याकाळी येऊन बसतात, पदरमोड करून नाट्यमंडळे चालवतात, पडदा पडल्यावर अर्धा तास दाराशी वाद घालतात, ती ही माणसे. त्यांना अकरा हजार व्ह्यूजचे सोयरसुतक नाही. परंतु त्यांतल्या वीस जणांनी पहिला प्रयोग पाहिला आणि त्यांना तो आवडला, तर दुसऱ्या प्रयोगाची निम्मी तिकिटे तेच खपवतात. म्हणून शहरातल्या प्रत्येक हौशी संस्थेत तुमच्यातल्या दोघांनी प्रत्यक्ष जाऊन निमंत्रण द्यावे, पहिल्या प्रयोगाची दुसरी रांग त्यांच्यासाठी राखावी आणि तिकिटाचे पैसे घ्यावेत. फुकट बोलावलेला माणूस पाऊस आला की येत नाही.

तिसरा प्रेक्षक तुमच्या नाटकातलाच आहे : ऊस उत्पादक, ट्रॅक्टरचे मालक आणि चालक, तोडणी कामगार. इथे तुमच्या ‘दिवाळीनंतर’ या बेताला माझा आक्षेप आहे. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. दिवाळीनंतर ज्या रात्री तुम्ही प्रयोग लावाल, त्या रात्री तुमचे चालक खऱ्या काट्यासमोर खऱ्या रांगेत असतील. शेतकऱ्यांना आणि वाहतूकदारांना प्रयोगाला आणायचे असेल, तर गणपती उरकल्यावर आणि धुराडे पेटण्यापूर्वी जे काही आठवडे मिळतात, त्यांतच प्रयोग लावा. त्या काळात गावागावांत दर, उचल आणि काटा यांचीच चर्चा चालू असते. तयारीला तेवढा वेळ नसेल, तर मोह सोडून हंगाम संपेपर्यंत थांबा, मात्र मग परीक्षांचे वेळापत्रक आधी पाहा. बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारे तोडणी कामगार हंगामातच इथे असतात आणि दिवसभर कोयता चालवलेला माणूस संध्याकाळी तुमच्या सभागृहापर्यंत येईल ही अपेक्षा करू नये. त्यांच्यासाठी पुढे कधीतरी त्यांच्या वस्तीजवळ एक प्रयोग करा. गल्लीच्या मांडणीचा हाही फायदा आहे, की दोन बाजूंना माणसे बसतील असा कोणताही रस्ता तिला पुरतो. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल, तर परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

प्रयोग एक करू नका, तीन करा आणि ते सलग तीन दिवस न ठेवता शनिवारी, पुढच्या शनिवारी आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ठेवा. विद्यार्थ्यांच्या नाटकाची खरी जाहिरात पहिल्या प्रयोगातून बाहेर पडणारा माणूस करतो आणि त्याला ती करायला सहा दिवस मिळायला हवेत. एकाच रात्री नऊशे खुर्च्या मांडल्या, तर नाटक आवडलेल्या माणसाने दुसऱ्याला पाठवायचे कुठे?

गेल्या वर्षीचे रील बघितले नसताना मी एवढेच म्हणेन, की रील पाहणारा अकरा हजारांचा समूह सांगलीत राहतो असे समजण्याचे कारण नाही. रील जरूर करा. काट्याचा आकडा वाचणाऱ्या कारकुनाचा आवाज आणि ऐकणाऱ्या चालकाचा चेहरा, एवढे तीस सेकंद पुरेत आणि त्यावर दिवस, वेळ, ठिकाण व फोन नंबर स्पष्ट दिसू द्या. पण भरवसा फोनवर ठेवा. बारा जणांनी प्रत्येकी दहा नावे लिहावीत, घरची आणि वर्गातली सोडून : शाळेतले मराठीचे शिक्षक, वाचनालयाचे ग्रंथपाल, सोसायटीचे सचिव, खत दुकानदार, दुसऱ्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळातला ओळखीचा मुलगा. त्या माणसाला आठवडाभर आधी फोन करा आणि आदल्या दिवशी त्याच्या नावाने दोन ओळींचा संदेश पाठवा. ‘नमस्कार काका, उद्या संध्याकाळी सात वाजता तुमच्या दोन जागा ठेवल्या आहेत’ हे वाक्य कोणत्याही पोस्टरपेक्षा अधिक माणसे आणते. गटांवर नुसते पोस्टरचे चित्र ढकलू नका. त्याच्यासोबत मजकूर टंकून द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तो पुढे पाठवता येईल आणि चार दिवसांनी शोधताही येईल.

पोस्टर छापायचेच असेल, तर वर्तमानपत्रातली नाटकांची जुनी जाहिरात समोर ठेवा. नाटकाचे नाव, नाट्यगृह, वार आणि वेळ, एवढ्यावर ती उभी असते. तुमच्या पोस्टरवर बारा जणांची नावे, तीन पारितोषिके, प्रायोजकाचा शिक्का, प्राचार्यांचे छायाचित्र आणि कोपऱ्यात मुंगीएवढी तारीख असेल, अशी मला दाट शंका आहे. दहा फुटांवरून वार आणि वेळ वाचता येत नसेल तर ते पोस्टर पुन्हा करा. पोस्टर लावण्याच्या जागाही विषयातूनच येतात : बसस्थानक, मार्केट यार्ड, ट्रॅक्टरचे गॅरेज, कृषी सेवा केंद्र. तिथे दुकानदाराला विचारूनच लावा.

स्थानिक वर्तमानपत्रांसाठी दीडशे-दोनशे शब्दांची बातमी तृतीय पुरुषी लिहून, एक आडवे छायाचित्र जोडून, प्रयोगाच्या चार-पाच दिवस आधी शहर प्रतिनिधीकडे पोहोचवा. ‘एक वेगळा अनुभव’ असले शब्द टाळा. काटामारीवरची विद्यार्थ्यांची एकांकिका, लेखिका याच जिल्ह्यातली, प्रेक्षक दोन बाजूंना बसणार, एवढ्यात बातमी आहे. विषय मिळमिळीत करून सांगू नका, पण संहितेत, रीलमध्ये किंवा मुलाखतीत कोणत्याही खऱ्या कारखान्याचे नाव घेऊ नका. त्यावरून वाद उभा राहिला, तर प्रयोगाऐवजी त्याचीच चर्चा होईल आणि महाविद्यालय हात वर करील.

तिकीट पन्नास रुपये असो की शंभर, ते असू द्या. सन्मानिका मोजक्या द्या. तिकिटावर ‘नाटक सुरू झाल्यावर प्रवेश नाही’ हे ठळक छापा आणि तिसरी घंटा झाली की दार खरोखर लावा, मग बाहेर प्रायोजक उभा असला तरी. चौकटीच्या नाट्यगृहात उशिरा आलेला माणूस अंधारात मागच्या रांगेत सरकतो. गल्लीत तो थेट नाटकातून चालत जातो. उशिरा येणाऱ्याला आत न सोडण्याची पृथ्वी थिएटरची शिस्त प्रसिद्ध आहे आणि छोट्या जागेत तिला पर्याय नाही. तिकीट काढून उशिरा आलेल्यांना पुढच्या शनिवारी बसवा, म्हणजे कुणी फारसे रागावणार नाही.

कागदपत्रांचे काम याच आठवड्यात सुरू करा, कारण तिथे वेळ तुमच्या हातात नसतो. महाराष्ट्रात नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी संहिता आधी सादर करावी लागते. स्पर्धेच्या वेळी ते घेतले असेल तर त्याची प्रत आयोजकांकडे किंवा तुमच्या मंडळाच्या फाइलमध्ये असेल, ती शोधा. तिथे संहिता जी दिली, प्रयोगही त्याच संहितेचा व्हायला हवा, म्हणून काटछाट अर्जापूर्वी उरका. सभागृहासाठी प्राचार्यांची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या आणि तीत तालमीच्या रात्रींचाही उल्लेख असू द्या. तुमच्या नाटकात कुठे चित्रपटातले गाणे वाजत असेल, तर त्याच्या हक्काचा प्रश्न तिकीट लावताच उभा राहतो. ट्रॅक्टरवर वाजणारे गाणे हवेच असेल तर तुमच्यातल्याच कुणाकडून ते लिहून आणि गाऊन घ्या. आणि लेखिका वर्गमैत्रीण आहे म्हणून तिचे मानधन बुडवू नका : प्रत्येक प्रयोगाची जी काही रक्कम ठरेल, ती ठरवून, कागदावर लिहून, हिशेबाच्या वहीत पहिल्या ओळीला टाका.